बाभळीवरचं फडकं

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "नोकरीतले अनुभव लिहा, पण घरातल्या सगळ्यांना वाचता येतील असे लिहा." बाईंची काळजी रास्त होती. मी जन्मभर गायी भरवण्याची नोकरी केली. सरकारी भाषेत त्याला कृत्रिम रेतन म्हणतात. आमच्या श्रीगोंदा तालुक्यात नुसतं 'थर्मासवाला आला' म्हणत. माझं लग्न जमवताना वडिलांनी पाहुण्यांना "मुलगा दूधखात्यात आहे" एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त दुधाच्या बरंच आधीचं खातं होतं ते.

काम असं असायचं. गाय माजावर येते ती जेमतेम एक दिवस. तेवढ्यात भरवली तर भरवली, नाहीतर पुन्हा तीन आठवडे वाट बघा. चांगल्या वळूचं रेत नगरच्या केंद्रातून बर्फाच्या थर्मासात यायचं. थर्मास लाकडी पेटीत, पेटी फटफटीच्या कॅरिअरवर आणि मी पुढे. बर्फ विरघळायच्या आत पोचायचं म्हणून घाई करायची, आणि थर्मास हिंदकळू द्यायचा नाही म्हणून सबुरी धरायची. ही दोन्ही कामं एकाच वेळी जमली की माणूस नोकरीत कायम व्हायचा.

बरं, अमक्याची गाय आज माजावर आहे हे मला कळणार कसं? तेव्हा फोन असलाच तर पोस्टात, नाहीतर साखर कारखान्यात. मग शेतकऱ्यांनीच एक सोय काढली. ज्याची गाय माजावर आली त्यानं फाट्यावरच्या बाभळीला फडकं बांधायचं. धोतराचा तुकडा म्हणा, लुगड्याचा काठ म्हणा, काहीही चालायचं. मी सकाळी काष्टीहून निघालो की डोळे रस्त्यावर कमी आणि झाडांवर जास्त. फडकं दिसलं की गाडी थांबवायची आणि मोठ्यानं विचारायचं, "कुणाची गाय?" मग उसातून, विहिरीवरून, कुठून तरी "आमची, आमची" असा आवाज यायचा.

लोकही एकेक नमुने. एक बागाईतदार म्हातारे माझ्या थर्मासाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वळू दावा आधी."

मी म्हणालो, "वळू पुण्याकडं असतो, आबा. इथं त्याचं नुसतं रेत आणलंय."

"पोरगी द्यायची म्हनलं तर आमी पोरगा बघतो का न्हाई? फोटू तरी आना."

मी केंद्रातून खरंच वळूचा फोटो मिळवून आणला. आबांनी तो आधी स्वतः निरखला, मग गायीपुढे धरला आणि त्यानंतरच तिला खोड्यात घेतलं. गाय पहिल्याच वेळी फळली. आबांनी त्याचं सगळं श्रेय फोटोला दिलं.

सांगायचं ते मात्र वेगळंच आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची, जानेवारीतली गोष्ट. मी विशीत होतो आणि काष्टी-श्रीगोंदा रस्त्यावर आपल्यापुढे फटफटी काढणारा माणूस अजून जन्मायचा आहे, अशी माझी खात्री होती. ती खोटी होती असंही नाही. त्या रस्त्यावर फटफट्याच मोजक्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा सोसायटीच्या चेअरमन लोकांच्या.

माझी गाडी दुरुस्त करायचे कोंडिबा हवालदार. लष्करात निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार असतात, त्यांना शिकवायचं काम त्यांनी केलेलं. निवृत्त होऊन श्रीगोंद्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुकान टाकलं होतं. बोलणं कमी आणि मिशा भरपूर. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या तीन मोडक्या गाड्यांची त्यांनी एक गाडी केली होती. ती कुठल्या कंपनीची हे देवालाही सांगता आलं नसतं, पण पळायची लई. ती त्यांची लाडकी लेक होती, आणि त्यांना स्वतःला गुडघ्यामुळे आता ती हाणता येत नव्हती.

एक दिवस ते म्हणाले, "दत्तू, भिंगारला रेस हाय. शनवारी सराव, आयतवारी शर्यत. पल्याडच्या माळावर लष्कराच्या सायबलोकांनी टरक आखलाय. गाडी माझी, बूड तुझं. येतो का?"

मी नाही म्हणणार होतो थोडाच. सुट्टी टाकली, खात्याची फटफटी घेऊन नगरला लागून असलेलं भिंगार गाठलं. हवालदार आपली लेक एका टेम्पोत घालून घेऊन आले. त्यांच्या बायकोनं पांढऱ्या कापडावर काळ्या चिंधीचा सातचा आकडा शिवून दिला होता. तो पाठीवर बांधला आणि मी उगाचच छाती काढून चार पावलं चालून आलो.

ट्रॅक म्हणजे माळावर लांबट गोल आखलेला. वळणांवर डांबराची रिकामी पिंपं, आणि कुणी बाहेर फेकला गेला तर लागू नये म्हणून कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. पुढच्या वर्षी त्याच कडब्यासाठी माणसं रांगेत उभी राहिली, पण तेव्हा कडबा फुकट गेल्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. फक्त भिंगारमधली मोकाट जनावरं दर थोड्या वेळानं येऊन शर्यतीची सुरक्षा खाऊन जायची.

शनिवारी सराव सुरू झाला. सरळ पट्ट्यावर मी सगळ्यांच्या पुढे. पहिलं वळण आलं. तिथे एक जवान हातात लाल झेंडी घेऊन उभा होता. त्यानं कशासाठी तरी ती हलवली, आणि माझ्या हातापायांनी मला न विचारता गाडी थांबवली. एवढंच नाही, माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघून गेलं, "कुणाची गाय?"

जवान पंजाबकडचा होता, त्याला काही कळलं नाही. पण वळणावर बसलेल्या भिंगारच्या पोरांना बरोब्बर कळलं. त्यांनी माझं गाव आणि काम विचारून घेतलं, आणि थोड्याच वेळात भोंग्यावर माहिती सांगणाऱ्या माणसापर्यंतही ते पोचलं. तिथून पुढे मी त्या माळावर 'सात नंबर, काष्टीचे थर्मासवाले' झालो, आणि शर्यत संपेपर्यंत ते नाव भिंगारच्या बाजारापर्यंत घुमत राहिलं.

झेंड्यांचं मी मनाला बजावलं. वळणांचं काही जमेना. माझ्यापेक्षा मंद पोरं वळणावर गाडी आडवी घालून, गुडघा जमिनीला लावल्यागत सरकन निघून जायची आणि मी लग्नाच्या वरातीतल्यासारखा ताठ. हवालदारांनी दोन-तीन फेऱ्या बघितलं, मग मला बाजूला घेतलं.

"थर्मास उतरव."

मी मागे बघितलं. "थर्मास खात्याच्या गाडीवर आहे, हवालदार."

"गाडीवरचा न्हाई. पाठीतला."

खरं होतं ते. चार वर्षं थर्मास सांभाळून माझी पाठच पेटीसारखी झाली होती. गाडी कलली की वाटायचं, आता बर्फ सांडणार. मग हवालदारांनी दुपारभर मला एका पिंपाभोवती फिरवलं. मी पिंपाकडे बघायचो आणि पिंपावर जाऊन आदळायचो. पुन्हा उठायचो, पुन्हा पिंपच.

"कुठं बघतो?"

"पिंपाकडं. चुकवायला नको का?"

"चुकवायचं त्याच्याकडं बघायचंच न्हाई. जायाचं तिकडं बघ. नजर जिकडं, गाडी तिकडं. फटफटीला हँडल नसतंय, दत्तू, डोळं असत्यात. हँडल आपलं धरायला दिलंय."

मला ते आधी कीर्तनासारखं वाटलं. मग एकदा खरोखर पिंप सोडून पलीकडच्या वाटेकडे बघितलं, आणि गाडी वळली. मी वळवली नाही, ती वळली. आयुष्यात इतका आनंद मला मोजक्याच वेळा झाला असेल. सूर्य कलेपर्यंत मी पोरांच्या मागून निघून पुढे जायला लागलो होतो.

हे सगळं एक गृहस्थ छत्री टेकून बघत होते. पुण्याचे जोगळेकर. त्यांचं मोठं गॅरेज होतं आणि शर्यतीच्या दोन गाड्या होत्या, पण त्यावर बसायला नेमका माणूस नव्हता. चहाच्या गाड्यापाशी ते मला म्हणाले, "अहो थर्मासवाले, सकाळी तुमचं हसं होत होतं. आत्ता नाही होत. उद्या पहिल्या दोघांत या. माझ्याकडे पुण्याला राहायचं, मद्रासच्या शर्यतीला माझी गाडी चालवायची. गायींची काही तरी व्यवस्था होईलच."

मला ते किती हवं होतं, हे आज नातवंडांना सांगून कळणार नाही. रोज त्याच फाट्यांवरून, त्याच धुरळ्यातून, बगलेपर्यंत हात घालून करायचं काम, आणि वर हॉटेलात "आमाला बी द्या की एक कप थर्मासातला" हा विनोद. त्यातून सुटायचा रस्ता माझ्यासमोर छत्री टेकून उभा होता. हवालदार संध्याकाळभर गाडी पुसत बसले होते. मी मद्रासला गेलो असतो तर त्यांची लेकही गेली असती ना, निदान लोकांच्या बोलण्यात तरी.

रविवारी दुपारी शर्यत. धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलेलं, म्हणून वळणं निसरडी. दहा फेऱ्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत निम्मी पोरं कडब्यात गेली. इथे मात्र थर्मास माझ्या उपयोगी पडला. पाठीतला उतरवला होता, मनगटातला होताच. झटका न देता ब्रेक, झटका न देता वेग. गाडी कलती ठेवायची आणि बर्फही सांडू द्यायचा नाही, ही नवीच चाल मला सापडली होती. पाचव्या फेरीला मी चौथा, आठव्या फेरीला दुसरा. पुढे फक्त नगरचा एक पोरगा, आणि तोही हाताच्या अंतरावर. भोंगा ओरडत होता, "थर्मासवाले दोन नंबरला आले." पट्ट्याच्या कडेला हवालदार दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेऊन पुढे दाखवत होते. नजर पुढे.

शेवटची फेरी. लांबच्या टोकाचं वळण. त्याच्या बाहेरच्या अंगाला एक बाभळ होती, तिच्या बुडाशी कडब्याच्या पेंढ्या. नऊ वेळा मी त्या बाभळीवरून गेलो होतो आणि ती मला बाभळ म्हणून दिसलीही नव्हती.

दहाव्या वेळी तिच्यावर फडकं होतं.

हिरव्या ओढणीचा तुकडा, माणसाच्या उंचीवर, नीट गाठ मारलेला. आमच्याकडे बांधतात तसाच. झेंडी नव्हती ती, वाऱ्यानं अडकलेली चिंधीही नव्हती. फडकं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्याखाली तांबडी गाय उभी होती, मान वर करून हंबरत होती आणि माजावरची गाय धरते तशी शेपटी एका बाजूला धरून होती. मी तिच्याकडे बघितलं. आणि डोळ्यांनी जे बघितलं तिकडे गाडी गेली, शिकवल्याप्रमाणे, झटका न देता.

मी पेंढ्यांवरून उडून बाभळीला घासत पलीकडे पडलो. पाठीवरचा सातचा आकडा काट्यांत राहिला. डोळे उघडले तेव्हा गाय माझं डोकं हुंगत होती आणि तिच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई वाकून बघत होती.

"लागलं का हो लई?"

"नाही," मी म्हणालो. खांदा निखळल्यासारखा दुखत होता. "फडकं तुम्ही बांधलं?"

"व्हय. मी अमीनाबी. बाजाराच्या मागल्या अंगाला ऱ्हातो आमी. माझी भैन काष्टीला दिलीय, ती सांगती तुमचं. भोंग्यावर ऐकलं, थर्मासवाले आल्यात. म्हनून गाय घिऊन आले. तर तुमी कवाधरनं इथनंच गरागरा फिरताय आन थांबंनात. मंग म्हनलं, फडकं बांधल्याबिगर ते कसे थांबतील."

तिला शर्यत म्हणजे काय हे कळत नव्हतं असं नाही. पण थर्मासवाला माणूस गाडीवर बसून चकरा मारतोय तर तो कुणाची तरी गाय शोधत असणार, हा तिचा हिशोब. आणि विचार केला तर त्यात चूक काय होती, हे मला अजून सांगता आलेलं नाही.

हवालदार गुडघा ओढत पळत आले. त्यांनी आधी मला चाचपलं, मग गाडी. हँडल वाकून म्हशीच्या शिंगासारखं झालं होतं. मग त्यांनी विचारलं, "काय बघत हुतास?"

"गाय."

त्यांनी बाभळीकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, गायीकडे बघितलं.

"मंग गाडी बराबर गेली," ते म्हणाले. "मी काय येगळं शिकवलंतं?"

पलीकडे टाळ्या वाजत होत्या. नगरचा पोरगा पहिला आला होता. जोगळेकर छत्री टेकत आमच्यापर्यंत आले. वाईट वाटलं वगैरे म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. "मला समोर बघणारा माणूस हवा आहे," एवढंच म्हणाले आणि त्या पोराशी बोलायला निघून गेले. मला रडू आलं. ते खांद्यामुळे आलं असं मी तेव्हा सांगितलं होतं.

अमीनाबी गायीचा कासरा धरून तिथेच उभी होती. तिला घाई होती, पण माणूस पडलाय म्हटल्यावर बोलावं कसं, म्हणून कासऱ्याला पीळ घालत होती. शेवटी म्हणाली, "दोन वर्सं झाली, डागदर. वळूकडं नेती आन दर येळंला उलटती, गाभन ऱ्हातच न्हाई. मालक म्हनत्यात भाकड झाली. येत्या गुरांच्या बाजाराला काष्टीला इकायला न्यायची ठरलीय. तिच्याच दुधावर पोरं वाढली माझी. आज एकडाव बघा."

भिंगार माझ्या हद्दीत नव्हतं. रविवार होता. मी डॉक्टर नव्हतो. आणि त्या क्षणी जगातल्या कुठल्याही गायीचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती, विशेषतः त्या गायीचं. मी मागून हात लावून बघितलं. गाय धडधाकट होती, माजही पक्का होता, फक्त वेळ साधली जात नव्हती. त्या वळूवाल्याकडे नेईपर्यंत दर खेपेला माज उतरून जात असणार.

मी म्हणालो, "इथंच थांबा. फडकं सोडू नका."

खात्याच्या फटफटीवर बसून नगरच्या केंद्रात गेलो. रखवालदाराला सात विनवण्या करून थर्मास भरून घेतला, पेटी बांधली आणि परत निघालो. उजवा हात खांद्यातून वर होत नव्हता. म्हणून डाव्यानं तोललं, प्रत्येक खड्डा वळसा घालून चुकवला, गाडीला कुठे हिसका म्हणून बसू दिला नाही. वाटेत जोगळेकरांचा ट्रक समोरून आला. मागे शर्यतीच्या दोन गाड्या, पुढे केबिनमध्ये तो नगरचा पोरगा. जोगळेकरांनी मला येताना बघितलं, ट्रक हळू केला आणि खिडकीतून म्हणाले, "आता काय सुरेख चाललंय हो!" टोमणा होता की कौतुक, हे पुण्याच्या माणसाच्या बाबतीत नक्की सांगता येत नाही. मी मान वळवली नाही. मागे थर्मास होता.

दिवस बुडायच्या आत गाय भरवली. अमीनाबीच्या नवऱ्यानं चहा दिला आणि खांद्याला हळद-तेल लावलं. हवालदारांनी वाकड्या हँडलची गाडी तशीच टेम्पोत घातली. श्रीगोंद्याला उतरताना ते एकदा स्वतःशीच हसले, असं टेम्पोवाल्यानं मला नंतर सांगितलं. सोमवारी मी काष्टीच्या फाट्यावर होतो. "कुणाची गाय?"

तो नगरचा पोरगा मद्रासला गेला. पेपरात त्याचा फोटो आला तेव्हा मी तो बराच वेळ बघत बसलो. माझा जळफळाट झाला. त्याचं वळणावरचं अंग बघून वाटलं, अजून किंचित कललं पाहिजे होतं. मग कुणी तरी हाक मारली आणि मी उठलो.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर कामानिमित्त नगरला गेलो होतो. वाट वाकडी करून भिंगारवरून आलो, का ते विचारू नका. माळ मोकळा होता, पिंपं गेली होती, ट्रॅकवर गवत होतं. लांबच्या टोकाची बाभळ तशीच होती आणि तिच्यावर फडकं होतं.

जवळ गेलो तसं दिसलं. पांढरं, स्वच्छ धुतलेलं, मधे काळ्या चिंधीचा सात.

मी गाडी थांबवली. विचारायचं राहून गेलं, कारण अमीनाबी आधीच समोरून येत होती. मागे तांबडी गाय, आणि तिच्या पोटाशी ढुशा देणारी, अजून पाय नीट न टेकणारी काळी-पांढरी कालवड.

"रोज बांधती," अमीनाबी म्हणाली. "भैनीनं सांगितलं, दिवाळीला तुमी नगरला येता. नुसता निरोप धाडला तर तुमी येताय व्हय?"

तिच्या हातात झाकलेली वाटी होती. खरवस. मी बाभळीखाली बसून खाल्ला. गोड होता, पण मधेच बाहीनं डोळे पुसावे लागले, आणि या वेळी खांदा दुखत नव्हता. वाटी परत दिली, उठलो आणि माझा आकडा सोडायला बाभळीकडे हात केला. म्हटलं, आठवण म्हणून घरी ठेवू.

"ऱ्हाऊ द्या तो," अमीनाबी म्हणाली. "ही कालवड मोठी झाली की लागंल."